सप्रेअप्पांची बटणं

आमच्या शेजारच्या सप्रेअप्पांकडे साखरेच्या डब्यालाही बटण होतं. डब्याच्या गळ्यात दोरी; दोरीत एक बटण म्हणजे साखर, दोन म्हणजे मीठ. घड्याळाची काच अप्पांनी स्वतःच काढून टाकलेली, आणि वेळ पाहायची तर काट्यांवरून बोट फिरवायचं. स्वयंपाकघरापासून मागच्या नळापर्यंत भिंतीला सुतळी ताणलेली. कारण विचारलं, की अप्पांचा एकच सवाल, "बत्ती गुल झाली तर?"

झाशीत बत्ती रोजच गुल व्हायची. त्यामुळे पुढे बोलायची सोय नव्हती.

अप्पा रेल्वेत स्टेशनमास्तर, शेवटची नोकरी झाशीजवळच्या मोठ स्टेशनात. एकेरी रुळावर गाडी सोडताना ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यावा लागे. तो गोळा आपण अंधारातही चाचपून ओळखायचो, ही फुशारकी मी दर चहाला ऐकली आहे. "डोळा फितूर होतो, सुमन. हात नाही!" निवृत्तीनंतर हे खूळ फारच वाढलं. मानिक चौकातला बटणवाला तर हातच जोडायचा, "काकाजी, आपके कुर्ते में काज कितने हैं?" मीही पदराआड पुष्कळ हसले आहे.

त्या वर्षी भाऊबीजेला अप्पांच्या बहीण, ग्वाल्हेरच्या आक्का, आल्या. आक्कांना पसारा सोसत नसे. अप्पा बाजारात गेलेले पाहून त्यांनी सगळे डबे घासून लख्ख केले, भलत्याच क्रमाने मांडले आणि दोऱ्या-बटणं बंबात घातली. ओवाळणीला मीही होते. ओवाळून झाल्यावर अप्पांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणला. पहिल्याच घोटाला आक्कांचं तोंड वाकडं झालं. "अगंबाई वहिनी, मीठ घातलंस की काय?"

काकू पांढऱ्याफटक पडल्या.

"मीच घालायला सांगितलं," अप्पा घाईघाईने म्हणाले. "मोठचं पाणी खारं. जिभेला सवय झाली आहे माझ्या." आणि तो चहा ते घटाघटा प्याले! आक्का पोट धरधरून हसल्या.

मी कप विसळायला आत गेले. काकू फळीवरचे डबे एकेक चाचपत होत्या. मी समोर, भर उजेडात उभी, तरी त्यांनी विचारलं, "कोण? आक्का?"

"मी सुमन, काकू," म्हणत मी त्यांचा हात धरला.

"कळलं ना तुला?" त्या हळूच म्हणाल्या. "आक्कांना बोलू नकोस. डोळे गेले म्हटलं, की मला चुलीपासून उठवून कोपऱ्यात बसवतील. आणि तुला कळलंय, हे ह्यांना तर मुळीच बोलू नकोस. लोक हसले, की घरी येऊन मला मोठ्या खुशीत सांगतात, 'अजून कुणालाही पत्ता नाही बघ!'"

मी डोळे पुसून बाहेर आले आणि आक्कांदेखत मोठ्याने म्हटलं, "अप्पा, कमाल आहे हं तुमची! उद्या चहात हिंग घालायला सांगाल!"

अप्पांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग मांडीवर थाप मारून ते असे काही हसले, की आतून काकूंचंही हसू ऐकू आलं.