यंत्रराज्याच्या नसलेल्या नफ्याची हकीकत

हातोडा, ऐरण आणि भट्टीतला अग्नी यांस नमन करोन, जे डोळां देखिले ते लिहितो. शके एकोणीसशे तेवीस, वृषनाम संवत्सर, आश्विन मास, दसऱ्याचा दरबार. राज्य यंत्रांचे, पाण्याचे पंप आणि लोखंड कातावयाचे लेथ घडवोन मुलुखोमुलखी धाडावे, हीच दौलत. महाराज सुभानराव गादीवर विराजले, आणि वृद्ध दिवाण बहिरोपंत यांनी उठोन वाचिले की, सालगुदस्तापेक्षा नफा सवाई जाहला, आणि मग नगारा वाजला, आणि महाराजांनी दुसरा कारखाना बांधावयाचा मनसुबा जाहीर केला, आणि अवघ्यांनी वाहवा केली. इतक्यात मथुराबाई फडणीस उठल्या. हिशेबाचे काम त्यांचे हाती येऊन तीनच मास जाहले होते. बोलल्या, "महाराज, पायाभरणी करू नये. हा नफा यंत्रांचा नव्हे."

मग बाईंनी विदित केले की, लोखंड, कोळसा, वीज, कारागिरांचे पगार, भट्ट्यांची झीज आणि कचेरीचा खर्च एके बाजूस मांडिला, आणि यंत्रे विकोन आले तितकेच दुसरे बाजूस. जमिनीची विक्री आणि ठेवींचे व्याज यांची आवक यात धरिली नाही. "शंभर रुपयांची यंत्रे विकावयास एकशे सहा खर्च होतात, महाराज. सहा वर्षे हेच."

नगारचीच्या हातची टिपरी हातीच राहिली. दिवाण बोलिले, "बाई, जमीन विकली ती आवकच ना? म्या एक पै लपविली नाही!"

"लपविली नाही, पंत. मिसळली."

महाराज बोलिले, "तर सहा वर्षे आम्ही खाल्ले काय?"

"थोरल्या महाराजांची जमीन. चाळीस एकरांतील नऊ उरली."

महाराज लोड धरोन बसले, आणि पुसिले, "कोठेच काही उरत नाही?"

"मागल्या शेडातील दुरुस्ती खात्यात उरते. शंभरात बावीस. परंतु ते खाते मोडावयाच्या हुकुमावर परवाच आपलीच सही जाहली."

हे ऐकताच महाराज अनवाणी उठोन धावले, आणि मागोमाग दरबार धावला. शेडात इब्राहीम मिस्त्री, तीस वर्षांचे जुने कारागीर, आपली हत्यारे पोत्यात भरत होते. महाराज बोलिले, "मिस्त्री, थांबा! हुकूम आमचा, चूकही आमची."

मिस्त्री बोलिले, "हुजूर, मी थांबेन. पण माझ्या सहा माणसांना काल निरोप दिला. रडत गेली."

मग महाराज मिस्त्रींसमवेत त्या सहाही घरी आपण गेले, आणि पाच माणसे परतली, आणि सहाव्याने दार उघडिले नाही. महाराज त्या उंबऱ्याशी उभे राहिले, आणि कोणी त्यांस चला म्हणेना.

तात्पर्य इतके की, दुसरा कारखाना बांधिला नाही, तोट्याचे लेथ बंद जाहले, पंपांचा भाव वाढला, काही गिऱ्हाइके तुटली. बहिरोपंत सत्तराव्या वर्षी बाईंपाशी बसोन नवी रीत शिकले. दुसरे साली यंत्रांनी शंभरात दोन उरविले. पंतांनी आकडा वाचिला, आणि महाराज हलके बोलिले, "पंत, पुन्हा एकवार वाचा."