जावईबापूंचा कापूस

गार्डन सोसायटीचा यंदाचा कप आपल्याच बॅक गार्डनमध्ये येणार, हे परीक्षित देवस्थळीने मार्चमध्येच जाहीर करून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरीही. ऑफिसात सांगितलं, ट्रेनमध्ये सांगितलं, मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला श्रीखंडाच्या रांगेतही सांगितलं. मागच्या माणसाला फक्त श्रीखंड हवं होतं, पण ऐकतो कोण!

आता परीक्षितचं आणि झाडांचं नातं कसं होतं, ते आधी सांगायला हवं. इंग्लंडात रीडिंगला आल्यापासून त्याच्या हातून कितीतरी तुळशी, एक कढीपत्ता आणि शेजाऱ्यांनी हौसेने दिलेलं एक कॅक्टस वैकुंठाला गेलं होतं. कॅक्टसला पाणी जास्त झालं होतं. त्यामुळे त्याची बायको पूर्वी हिने यंदा स्वच्छ सांगून टाकलं, "हे बघ, या वेळी गार्डन सोसायटीचं बक्षीस आलं तर तो कोपरा तुझा. नाही आलं तर तिथे फरशी घालून पॅटिओ. स्लॅब मी बघून ठेवलेत, सेलमध्ये आहेत."

परीक्षितने मान्य केलं, कारण त्याला शेवटी असं झाड सापडलं होतं, ज्याला पाणी जास्त होऊच शकत नाही. कॉटनग्रास! पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत फिरायला गेले असताना दलदलीत उभं असलेलं ते गवत त्याने पाहिलं. बारीक काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पांढराशुभ्र कापसाचा झुबका, वाऱ्यावर डुलणारा. बघताक्षणी गडी पागल झाला. घरी येऊन त्याने मुलीचा, सियाचा, लहानपणचा अंघोळीचा टब कोपऱ्यात जमिनीत पुरला, त्यात आम्लधर्मी माती भरली, नर्सरीतून रोपं आणली आणि घरच्या घरी दलदल तयार केली.

पण या गवताला नळाचं पाणी चालत नाही. रीडिंगच्या नळाला इतका चुना, की किटलीत खडूचा थर बसतो. हवं फक्त पावसाचं पाणी. म्हणून छपराच्या पन्हळीच्या पाइपाखाली एक मोठं पिंप आलं. सगळी गल्ली ऊन पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली, आणि हा एकटा बाबा खिडकीत उभा राहून म्हणायचा, "दोन दिवस जरा बरा पाऊस होऊ दे रे." समोरचे लोक त्याच्याकडे संशयाने बघायला लागले होते.

मेच्या शेवटी झुबके फुटले. परीक्षित पायजम्यावरच बाहेर धावला. त्याने इतके फोटो काढले, की सियाच्या बारशाचे तेवढे नसतील. सोसायटीच्या परीक्षक मिसेस प्रिचर्ड शनिवारी दुपारी बाग बघायला येणार होत्या. परीक्षितने कप ठेवायला शेल्फसुद्धा पुसून ठेवलं.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. मधुमतीबाई मूळच्या यवतमाळच्या, कपाशीच्या शेतात वाढलेल्या. अधिक महिना होता, जावयाला वाण द्यायचं होतं, म्हणून लेकीकडे आल्या होत्या. बॅगेत तेहतीस अनारसे होते, चांदीचं निरांजन होतं. वजन वाढतंय म्हणून विमानतळावर फक्त वातींचा कापूस काढून टाकला होता.

गुरुवारी संध्याकाळी परीक्षित ऑफिसातून आला, तेव्हा सिया दारातच उभी होती.

"बाबा, तू रागवू नको. तुझ्या गवताची हेअरकट झाली."

परीक्षित बॅग टाकून मागे पळाला. टबात नुसत्या हिरव्या काड्या उभ्या होत्या. एकीवरही झुबका नव्हता. मुंज झालेल्या बटूंची रांग असावी, तशा त्या बोडक्या काड्या त्याच्याकडे बघत होत्या. किचनमध्ये मधुमतीबाई मांडीवर वाती वळत बसल्या होत्या. समोर ताटली भरलेली.

"या, जावईबापू," त्या कौतुकाने म्हणाल्या. "इथेसुद्धा कपाशी लावलीत, मला भरून आलं हो. पण वेचणी कोण करणार? बोंड फुटून असं उघड्यावर उभं, पाऊस आला असता म्हणजे सगळं गेलं असतं. मी आपलं सकाळीच वेचून घेतलं."

परीक्षितने ओरडायला तोंड उघडलं. पण सासूबाई, त्यात अधिक महिना, त्यात वाती त्याच्याच वाणासाठी. ओरडणार कुणावर? तो म्हणाला, "वा. छान बारीक वळल्यात." आणि बाथरूममध्ये जाऊन टॉवेलात तोंड खुपसून जे काय बोलायचं ते बोलला.

पूर्वी बाहेरून म्हणाली, "वाईट वाटतंय रे. पण ठरलं ते ठरलं. स्लॅब अजून सेलमध्येच आहेत."

झालं! माणसाच्या अभिमानाला डिवचलं, की तो काय करेल याचा नेम नाही. शुक्रवारी संध्याकाळी परीक्षित पूर्वीच्या मेकअपच्या कापसाचं पाकीट घेऊन दलदलीपाशी बसला. एकेक गोळा पिंजायचा, काडीच्या टोकाला लावायचा, दात साफ करायच्या एकाच लांब दोऱ्याने बांधायचा. इतक्या नाजूक हाताने त्याने लग्नात मंगळसूत्रही बांधलं नव्हतं. काम संपल्यावर तो लांब जाऊन उभा राहिला आणि स्वतःवरच खूश झाला. लांबून अगदी खरं दिसत होतं.

शनिवारी वाण. मिसेस प्रिचर्ड दुपारी यायच्या होत्या, म्हणून सकाळीच उरकायचं ठरलं. परीक्षित सदरा घालून काचेच्या दारासमोर पाटावर बसला. मधुमतीबाईंनी कुंकू लावलं, मांडीवर अनारशांचं ताट ठेवलं, निरांजन पेटवलं आणि ओवाळायला घेतलं. वात भुर्रकन जळली आणि विझली. त्यांनी दुसरी लावली. तीही गेली.

"धागा आखूड आहे इथल्या कपाशीचा," त्या म्हणाल्या आणि तिसरी उचलली. परीक्षित डोळ्यांदेखत आपला एकेक झुबका जळताना बघत होता.

तेवढ्यात बाजूचं फाटक वाजलं. आधी शेजारची बाग बघायची होती, पण ते सुट्टीवर गेलेले, म्हणून मिसेस प्रिचर्ड लवकर आल्या होत्या. चष्मा सावरत त्या थेट दलदलीकडे निघाल्या. परीक्षित उठायला गेला.

"बसा, जावईबापू. वाण अर्धवट सोडून उठायचं नसतं."

तो बसला. काचेतून त्याला सगळं दिसत होतं. बाई वाकल्या. बाईंनी हळूच फुंकर मारली. काहीच हललं नाही. मग एक चिमणी आली, तिने एक झुबका चोचीत धरला आणि उडाली. मागोमाग दोरा, आणि दोऱ्यामागोमाग शेजारच्या काडीचा झुबका. मिसेस प्रिचर्डनी तिसरा झुबका हातात घेतला, त्याचा वास घेतला आणि दारावर टकटक केली.

"मिस्टर देवस्थळी, तुमच्या कॉटनग्रासला लव्हेंडरचा वास येतोय."

मांडीवर तेहतीस अनारसे असलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. परीक्षितने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं, वाती, सासूबाई, दोरा, सगळं. मिसेस प्रिचर्ड निरांजनाकडे बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या, की सियाने त्यांना खुर्ची दिली. मधुमतीबाईंनी अनारसा दिला.

"झाडं अगदी निरोगी आहेत," बाई खसखस पुसत म्हणाल्या. "पण मेकअपच्या कापसाला मी कप देऊ शकत नाही हो." आणि दुसरा अनारसा घेऊन पुढच्या घरी गेल्या.

पूर्वीने फोन काढला आणि स्लॅबचं पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षितच्या हातून काहीतरी जगलं होतं, आणि आता त्यावर सिमेंट पडणार होतं. तो पाटावरूनच म्हणाला, "आई, आज मी नारायण आहे ना?"

"म्हणजे काय, साक्षात."

"मग नारायणाला तो कोपरा हवाय. पॅटिओ नको."

"दिला," मधुमतीबाई म्हणाल्या.

"आई, अगं बाग आमची आहे!"

"पूर्वी, आजच्या दिवशी जावयाला नाही म्हणायचं नसतं. फोन ठेव."

पूर्वीने फोन ठेवला. परीक्षितचा आनंद गगनात मावेना. त्याने एक अनारसा तोंडात टाकला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मधुमतीबाई काचेतून कोपऱ्याकडे बघत होत्या.

"मलाही तेच वाटत होतं, जावईबापू. राहू दे तो. पुढल्या वर्षी चातुर्मासात मी इथेच येऊन लक्षवात करणार आहे."

"लक्षवात म्हणजे काय, आजी?" सियाने विचारलं.

"लाख वाती, बाळा. घरच्या कापसाच्या. धागा आखूड आहे म्हणून जरा जास्तच लागतील." त्यांनी सगळ्या लॉनवरून नजर फिरवली. "एका टबात नाही भागणार. तुम्ही आत्तापासूनच खणायला घ्या."

परीक्षितच्या घशात अनारसा अडकला. तो पाणी प्यायला, पूर्वीच्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "ते स्लॅब... अजून सेलमध्ये आहेत का गं?"