साळूबाईला झालेला श्रीमंतांचा आजार

एका जंगलात, मुलांनो, गरीब असायलाही कार्ड लागायचं.

कार्ड नसेल तर तुम्ही नुसतेच उपाशी. उपाशी काय, कोणीही असतो. चतुर्थीला वाघसुद्धा असतो. पण गरीब कोण, हे कचेरीत ठरायचं. एवढं डोक्यात पक्कं बसवा, मग पुढची गोष्ट कळेल. आणि ती मागची कुजबुज बंद करा बघू.

तर या जंगलात एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ते. तिला सगळे साळूबाई म्हणत. तिचा नवरा मागेच वारला होता. ती दुसऱ्यांची बिळं खणून द्यायची आणि त्यावर पोट भरायची. सशांकडे लग्नसराई असली की काम बरं चाले, एरवी आठवडेच्या आठवडे रिकामे जात. पण तिच्याजवळ पिवळं कार्ड होतं. पिवळं कार्ड म्हणजे शिक्का मारलेला गरीब. त्यावर दर महिन्याला तांदूळ मिळायचा आणि साखर मिळायची. राजाच्या कोठारात याच दोन वस्तू पडून होत्या, म्हणून गरिबांना याच दोन वस्तू आवडतात असं ठरलेलं होतं.

साळूबाई सकाळी भात खाई, रात्री भात खाई आणि मधे भूक लागली की भरपूर साखर घालून कोरा चहा पिई. चहाने भूक मरते. तुमच्यापैकी काहींना हे माहीत असेल, काहींना नसेल. नसेल त्यांनी घरी गेल्यावर देवापुढे हात जोडावेत.

एकदा बीळ खणताना तिच्या पायाला दगड लागला. जखम लहानशीच होती, पण भरेना. दीड महिना झाला तरी ओलीच. शेवटी ती लंगडत दवाखान्यात गेली. रक्त तपासायचं ठरलं. त्या दवाखान्यात सुई पेशंटनेच आणायची पद्धत होती. साळूबाईने पाठीवरचा एक काटा उपटून दिला. सरकारने मागितलेली वस्तू तिच्या घरातच निघाली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. तिला जरा बरंही वाटलं.

"मधुमेह आहे. रक्तातली साखर तीनशेच्या वर," बगळे डॉक्टर म्हणाले.

त्यांनी गोळ्या दिल्या आणि आहाराचा एक छापील कागद दिला. त्यावर बदाम होते, अक्रोड होते, ऑलिव्हचं तेल होतं, आणि एक परदेशी धान्य होतं. त्याचं नाव घेताना डॉक्टरांचीच चोच अडकली.

"डॉक्टरसाहेब," साळूबाईने विचारलं, "यातलं माझ्या कार्डावर काय मिळंल?"

बगळे डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"कोमट पाणी," ते म्हणाले.

आता घरोघर फिरून गोळ्या पोचवणारी एक खारूताई होती. ती दुसऱ्या दिवशी साळूबाईकडे आली. तिने तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि चुलीत सारला.

"बाई, हे सोड. ज्वारीची भाकरी खा. टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला रानात फुकटचा आहे, तो खा. मटकीची उसळ कर. भात मूठभर आणि चहा बिनसाखरेचा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. गोळी घेतलीस की जेवायचंच. गोळी गिळून उपाशी राहिलीस तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन जागच्या जागी पडशील. जखम चिघळली तर पाय जाईल, हेही सांगून ठेवते."

"पाला मिळंल गं," साळूबाई म्हणाली. "पर ज्वारी आन् मटकी कुठनं आणू? घरात हाय ती साखर आन् तांदूळ."

दोघी विचार करत बसल्या. आणि विचार करताना दोघींचीही नजर शेजारच्या वारुळाकडे गेली.

त्या वारुळात मुंग्या राहायच्या. तीन पिढ्या त्यांनी शेतातून दाणा दाणा ज्वारी वाहून आणली होती. कोठ्या भरल्या होत्या. रोज ज्वारी, सणाला ज्वारी, पाहुणा आला तरी ज्वारी. मुंग्यांना तिचा इतका वीट आला होता की लहान मुंग्या ताट बघूनच रडायच्या.

साळूबाईने जाऊन विचारलं. थोरली मुंगी बाहेर आली.

"साखर? पिवळ्या कार्डावरची? जाड दाण्याची?"

"जाड दाण्याची."

थोरल्या मुंगीने मिशा पुसल्या. साखरेच्या वाटीला ज्वारीची वाटी आणि तांदळाच्या वाटीला मटकीची, असं ठरलं. कोणी कोणाला फसवलं नाही. कोणी फोटो काढला नाही.

साळूबाई भाकरी खाऊ लागली. दोन महिन्यांत जखम सुकत आली, अंगात ताकद आली. ती पुन्हा बिळं खणू लागली. तिच्यासारखी सुखी बाई त्या वर्षी जंगलात दुसरी नव्हती. शहाण्यांचं जंगल असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला लवकर सुट्टी मिळाली असती.

पण दर पाच वर्षांनी कार्ड नवं करून घ्यावं लागे. कार्डाच्या कचेरीत सरडे भाऊसाहेब बसायचे. समोरच्याची ऐपत बघून त्यांचा रंग बदलायचा आणि जो रंग येईल त्या रंगाचं कार्ड ते द्यायचे. गरीब दिसला की पिवळे. मधला दिसला की केशरी. श्रीमंत दिसला की पांढरेफटक. पांढऱ्या कार्डावर शिधा मिळत नसे, पण कचेरीत बसायला खुर्ची मिळे.

साळूबाई आत गेली तेव्हा भाऊसाहेब छान पिवळे होते.

"काय गं साळे, उभी राहा तिकडं. घर किती मजली?"

"बीळ हाय, भाऊसाहेब. पावसात गळतं."

"जमीन?"

"नखाखाली आसंल तेवढी."

"काही आजार?"

साळूबाई सरळ बाई होती. ती म्हणाली, "मधुमेह हाय."

भाऊसाहेबांचं शेपूट केशरी झालं. मग पोट पांढरं झालं. मग ते डोक्यापर्यंत पांढरे झाले आणि खुर्चीतून उठले.

"अहो, मग उभ्या का साळूबाई? बसा ना! पंखा लावू का?"

त्यांनी कपाटातून एक जुनं परिपत्रक काढलं. ते आताच्या राजाच्या आजोबांच्या काळातलं होतं. तेव्हा सगळ्या जंगलात मधुमेह एकालाच होता, खुद्द आजोबांना. श्रीमंत कसा ओळखावा याची त्यात यादी होती. दुमजली गुहा, दारात हत्ती, आणि मधुमेह.

"यातलं एक जरी असलं तरी पांढरं कार्ड," भाऊसाहेब म्हणाले. "अभिनंदन! मलाही आहे बरं का. आपण एकाच पंगतीतले."

"भाऊसाहेब, मी हो कुठली शिरीमंत? शिध्यावर तर माझं पोट हाय."

"असं कसं? साखरेचं खाणार त्याला देव देणार. मग आम्ही कशाला द्यायचं?"

आणि त्यांनी पिवळं कार्ड फाडलं.

कार्ड गेलं तशी साखर गेली. साखर गेली तशी ज्वारी गेली. मुंग्यांनी आठ दिवस तशीच ज्वारी दिली, पण नंतर त्यांच्यात सभा झाली आणि नियमावर बोट ठेवलं गेलं. पावसाळा तोंडावर होता, नवी बिळं कोणी खणत नव्हतं. साळूबाई नुसता पाला उकडून खाऊ लागली. गोळ्या मात्र फुकट होत्या आणि वेळेवर येत होत्या. तिला वाटे, निदान औषध तरी चुकवू नये. जखम पुन्हा ओली झाली.

ती रोज कचेरीत जाई. रोज भाऊसाहेब पांढरे होत, तिला खुर्ची देत, घरच्यांची चौकशी करत आणि परत पाठवत. मुलांनो, मानाने पोट भरत नाही हे मी तुम्हाला का सांगतोय? पुस्तकात त्याच्या उलट लिहिलेलं असतं म्हणून.

चौदाव्या दिवशी साळूबाई त्या खुर्चीतून खाली पडली.

ती घामाने निथळत होती आणि काटे थरथरत होते. नशिबाने खारूताई बाहेरच्या झाडावर होती. ती धावत आत आली. तिने भाऊसाहेबांच्या टेबलावरचा गोड चहा उचलला आणि साळूबाईला घोट घोट पाजला. मग तिच्याच पाठीचा काटा घेऊन रक्त तपासलं.

"पन्नास!" खारूताई ओरडली. "बाईच्या पोटात अन्नाचा कण नाही. हिला काही खायला द्या आधी!"

"थांबा, थांबा. आधी किती होती?" भाऊसाहेबांनी वही ओढली.

"तीनशे. पण आता..."

"तीनशेची पन्नास! दोन आठवड्यांत!" भाऊसाहेबांचा आवाज भरून आला. "आणि काय केलं आपण? फक्त शिधा बंद केला!"

"अहो, ती मरत होती!"

"पण मधुमेहाने नाही ना?"

खारूताईने आपल्या पिशवीतली शिळी भाकरी काढली आणि साळूबाईला भरवली. मला विचाराल तर त्या कचेरीत त्या दिवशी झालेलं काम एवढंच.

महिन्याभरात 'मधुमेहमुक्त जंगल' अभियान सुरू झालं. ज्याला ज्याला मधुमेह होता त्याचं पिवळं कार्ड बंद. फलक लागले. फलकावर साळूबाईचं चित्र होतं, गाल जरा भरून काढलेले. साळूबाई खारूताईच्या पिशवीतल्या तुकड्यांवर दिवस काढत होती. ती पुन्हा कचेरीत गेली.

"भाऊसाहेब, मी बरी झाले म्हन्ता, तर माझं पिवळं कार्ड द्या. दोन दिस उपाशी हाय."

"आहात ना. पण हा उपास गरिबीचा नाही, साळूबाई. उपचाराचा आहे. उपचाराच्या उपासावर कार्ड देता येत नाही."

मग राजाने तिचा सत्कार ठेवला. दरबार भरला. साळूबाईला शाल द्यायची होती, पण ती काट्यांवर टिकेना, म्हणून दोन माकडं ती वरून धरून उभी राहिली. भाऊसाहेबांनी भाषण केलं. तीनशे आणि पन्नास हे आकडे त्यांनी नऊ वेळा म्हटले.

सिंहमहाराज फार लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनाही मधुमेह होता. आजोबांकडून आलेला. बगळे डॉक्टरांचा तो बदाम-अक्रोडांचा कागद ते अक्षर न अक्षर पाळायचे, फक्त त्यावरचं सगळं ते जेवण झाल्यावर खायचे.

"माझी काही साडेतीनशेच्या खाली उतरत नाही," महाराज म्हणाले. "असा गुण येत असेल तर माझंही जेवण उद्यापासून बंद करा."

मुदपाकखान्याचा प्रमुख रानडुक्कर मटकन खाली बसला. भाऊसाहेब धावत पुढे आले.

"नको नको, महाराज! ही योजना फक्त गरिबांसाठी आहे!"

तेव्हा शालीखालून साळूबाईचा बारीक आवाज आला. तिला कोणाला कोंडीत पकडायचं नव्हतं. तिला फक्त भूक लागली होती.

"मग, भाऊसाहेब, मी गरीब हाय का?"

सगळा दरबार भाऊसाहेबांकडे बघू लागला. भाऊसाहेब पिवळे झाले. मग पांढरे. मग पुन्हा पिवळे. मग डावीकडून पिवळे आणि उजवीकडून पांढरे असे होऊन तिथेच अडकले. त्यांना उचलून सावलीत न्यावं लागलं.

महाराजांना न्याय करायची हौस होती. ते म्हणाले, "रंगावरून दिसतंच आहे. ही अर्धी गरीब आहे. हिला अर्धं कार्ड द्या."

आता अर्ध्या कार्डावर द्यायचं काय? त्यासाठी समिती बसली. समिती सात दिवस बसली आणि सातही दिवस जेवली. धान्य बंद करणे हा उपचार आहे आणि उपचार मधेच तोडू नये, म्हणून तांदूळ बंदच राहील, असं तिने ठरवलं. साखर मात्र कोठारात साचून तिला पाणी सुटू लागलं होतं. तेव्हा मधुमेही साळूबाईला दर महिन्याला फक्त साखर द्यावी, असा निर्णय झाला.

खारूताईने तो कागद वाचला आणि ती फांदीवर पोट धरून हसली. मग हसता हसता रडली, कारण तिच्या पिशवीच्या यादीत आणखी चाळीस घरं होती. त्या घरांतल्यांची तीनशेची पन्नास झाली होती आणि ते आता घराबाहेर फारसे दिसत नव्हते.

पहिल्या तारखेला साळूबाई रांगेत उभी राहिली. भाऊसाहेब बरे होऊन आले होते, पण रंग तसाच अर्धा अर्धा राहिला होता आणि बोलणंही तसंच झालं होतं.

"या गं, साळे... बाई. बस... बसा. तुझी साखर घ्या."

साळूबाईने साखर पदरात बांधली. ती वळली तसे भाऊसाहेब रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या तरसाला म्हणाले, तेही तिला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघितलंस? अंगात मधुमेह, आणि बाई साखर घेऊन निघाली! आम्ही कितीही राबलो तरी या लोकांना पथ्य म्हणून कळायचं नाही."

साळूबाईच्या पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. ती थांबली. मला वाटतं, त्या वेळी तिने एक काटा मारायला हवा होता. निदान एक. पण रांगेत तिच्या मागे, बंद झालेलं कार्ड परत मागायला कसेबसे आलेले, त्या चाळीस घरांतले सगळे उभे होते, आणि खिडकी एकच होती. तिने काटे खाली घेतले आणि मागच्या तरसाच्या कानात हळूच सांगितलं, "अर्धं कार्ड माग. साखर दिली तर नाही म्हनू नको. मग माझ्याकडं ये, कुठं न्यायची ते दावते."

त्या दिवशी दुपारी तिने गोळी घेतली आणि वर दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी तरसाला दिली.

तात्पर्य : मधुमेहात काय खावे आणि काय खाऊ नये, हे गरिबांना वरचेवर समजावून सांगावे. सांगणाऱ्याने आधी स्वतः पोटभर जेवून घ्यावे, म्हणजे आवाज चांगला लागतो.