राजकन्येला उठवलं कोणी?

राजकन्येला जागं करणं म्हणजे काही मोठं काम नाही, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. जलंगी नदीकाठच्या आमच्या गावाबाहेर एक महाल आहे, त्यात मणिकुंतला शंभर वर्षं झोपलेली. उशाशी चांदीची कांडी, पायाशी सोन्याची. दोन्हींची अदलाबदल केली की झालं! अडचण एकच, दारातली राक्षसीण. तिला लांबून पाहिलं तरी गावातल्या तरण्याबांड पोरांना एकदम घरची कामं आठवायची.

मी गेले. राक्षसिणीनं मला हुंगलं.

"पुरुष नाहीस ना? मग जा बाई आत. मला त्यांनाच अडवायला ठेवलंय."

मी कांड्या बदलल्या. मणिकुंतलेनं डोळे उघडले, मोठी जांभई दिली आणि म्हणाली, "भूक लागलीय." तिच्यासाठी घोकून ठेवलेलं सगळं भाषण मी तिथल्या तिथे विसरले.

बाहेर आलो तर दिब्येंदूदादा छत्री घेऊन उभा. मी उन्हाची गेले म्हणून आईनं त्याला मागोमाग पिटाळलं होतं. दादा इतका भिडस्त, की मासळीवालीनं भाव सांगितला की तिचीच माफी मागतो. त्यानं रीतसर छत्री राजकन्येवर धरली. गावानं नेमकं तेवढंच पाहिलं! शंख वाजले, बायकांनी जिभा हलवत लग्नातला मंगल उलूध्वनी केला. उठवणाऱ्यालाच राजकन्या द्यायची, हा जुना नियम. बघता बघता आमच्या अंगणात मांडव उभा राहिला आणि दादाच्या डोक्यावर नवरदेवाचा पांढरा मुकुट चढला. त्याला कोणी विचारलं नाही, तिलाही नाही. जे सांगायचं होतं ते कोणत्या शब्दांत सांगतात, तेच मला माहीत नव्हतं.

भटजींनी सुरुवात केली, तेवढ्यात दादा मुकुटाखाली डोकं खाजवत म्हणाला, "मी नाही उठवलं हिला. मी छत्री द्यायला गेलो होतो."

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"तोर्षा, तू कशाला गेली होतीस तिथे?" आईनं विचारलं.

बघायला गेले होते, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मणिकुंतलाही माझ्याकडेच बघत होती.

"मला ती आवडते, आई. म्हणून."

भटजींनी पोथी मिटली. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मणिकुंतला तेवढी शांत होती.

"मला विचारलंस का?"

"आता विचारते."

"आधी ओळख तर होऊ दे. शंभर वर्षं झोपले होते, मला कसली घाई नाही."

ती आमच्याकडेच राहिली. आम्ही नदीवर जायचो, भांडायचो, पुन्हा जायचो. आई तिला जेवायला वाढायची, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

मग जमाईषष्ठी आली. त्या दिवशी आमच्याकडे जावयाला मानानं जेवू घालतात, माशाचं डोकं त्याच्याच ताटात. आमच्या घरात जावई नाही, तरी आईनं सकाळीच भलामोठा रोहू आणला. दुपारी पानं मांडली, आणि अख्खं डोकं मणिकुंतलेच्या ताटात वाढलं.

माझे डोळे भरून आले. मी खाली बघितलं. माझ्या ताटात शेपूट होतं, आणि तेही काट्यांनी भरलेलं.