ठुमकीचे पाय आणि तुरेरावांची फरशी

एका जंगलात एक कोंबडी राहत होती.

कोंबडी जंगलात कशी, असं विचारणाऱ्या मुलांनी मागच्या रांगेत जाऊन बसावं. ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथे सिंहाला मानपत्रं मिळत, कोल्हे शिबिरं घेत आणि माकडं एकमेकांना शाली पांघरत. तिथे एक कोंबडी राहिली तर तुमचं काय बिघडलं?

तर कोंबडीचं नाव कवडीबाई. तिच्या नवऱ्याचं नाव तुरेराव. तुरेराव पहाटे आरवायचे आणि मग सूर्य उगवायचा. सूर्य आपल्या शब्दाबाहेर नाही, अशी त्यांची समजूत होती. सूर्याने ती कधी खोडून काढली नाही, कारण त्याला दुसरी कामं होती.

एकदा तुरेराव सिंहाच्या गुहेत कसल्याशा समारंभाला गेले. गुहेत काळ्या दगडाची गुळगुळीत फरशी होती. मान खाली घालून उभे असताना त्यांना त्या फरशीत स्वतःचा तुरा दिसला. समारंभ कशाचा होता, कोण काय बोललं, यातलं त्यांना नंतर काहीही आठवेना. तुरा तेवढा आठवत राहिला.

घरी येताच त्यांनी खुराड्यातला भुसा उचलायला लावला आणि मागच्या उकिरड्यावर फेकला. ओढ्यातून घासून गुळगुळीत झालेले काळे दगड आणवले, ते बसवले आणि वरून एरंडेलाचा बोळा फिरवला. खुराडं असं चकचकीत झालं की जाणारे-येणारे वाट वाकडी करून बघायला येऊ लागले.

"अहो, पण अंडी कुठे ठेवू?" कवडीबाईने विचारलं.

"ठेव कुठेतरी कोपऱ्यात," तुरेराव फरशीत बघत म्हणाले. "मध्ये नको. मध्ये छान दिसतंय."

त्या खेपेला एकच अंडं फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं. बाकीची अंडी घरंगळून दारातून बाहेर गेली होती. त्याबद्दल त्या घरात फारसं बोललं जात नसे. कवडीबाई मात्र अधूनमधून दाराकडे बघत बसे.

पिल्लाचं नाव आधीच ठरलं होतं, ठुमकी. आपली लेक ठुमकत चालेल, अशी आईची हौस. ठुमकी उभी राहायला गेली आणि तिचा एक पाय या भिंतीकडे गेला, दुसरा त्या भिंतीकडे. ती पोटावर आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. मग तिने आयुष्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"आई, घसरतंय."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मुलांनो. गोष्टीतल्या कुणीच ते ठेवलं नाही.

चार दिवस गेले तरी ठुमकीला चालता येईना. पाय दिवसेंदिवस जास्तच फाकू लागले. बातमी जंगलभर झाली आणि समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. त्या जंगलात रीतच तशी होती. कुणाचं काही दुखलंखुपलं की भेटायला जायचंच, आणि भेटायला आलेल्या कुणालाही दारातून परत पाठवायचं नाही. परत पाठवलं तर जन्मभर बोल लागे.

पहिल्या आल्या सशीणकाकू. आत पाऊल टाकलं आणि सर्रकन घसरून थेट समोरच्या भिंतीपाशी पोचल्या.

"बाई बाई, काय सुरेख फरशी!" त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आता बसूनच बोलते. तर माझ्या चुलतजावेच्या माहेरी एका पिल्लाला अगदी अस्संच झालं होतं हो."

"मग?" कवडीबाईने जीव मुठीत धरून विचारलं.

"मग काय, गेलं बिचारं. चहा नको हं, आत्ताच झालाय. बरं, अर्धा कप टाका."

पाठोपाठ आणखी पाहुणे आले. सगळे भिंतीला धरून धरून आत यायचे, भिंतीला धरून धरून बसायचे आणि फरशीचं कौतुक करायचे. आपण घसरलो, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. सिंहाच्या गुहेत असते तसल्या फरशीवर घसरणं म्हणजे आपण खेडवळ असल्याची कबुली देणं. ती कोण देणार?

आता गंमत बघा. पाहुणे यायचे म्हणून तुरेराव रोज फरशीला तेलाचा बोळा फिरवून घ्यायचे. फरशी जास्त चमकली की ठुमकी जास्त घसरायची. ती जास्त घसरली की समाचाराला जास्त पाहुणे यायचे. जास्त पाहुणे येणार म्हटल्यावर बोळा दोनदा फिरायचा. तुरेराव थकून म्हणायचे, "लोकांना किती काळजी आहे बघ आपल्या ठुमकीची!"

शेवटी मोठे वैद्य बोलावले. एकपादशास्त्री बगळे. ते आयुष्यभर एका पायावर उभे होते, त्यामुळे पायांच्या विषयात त्यांच्याहून मोठं कुणी नाही, असं सगळे मानत. शास्त्रीबुवा खुराड्यात शिरत नसत. उंबऱ्याबाहेरच्या चिखलात एक पाय घट्ट रोवून तिथूनच तपासत.

"दोन पाय आहेत ना हिला?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

"हो," कवडीबाई म्हणाली.

"तेच दुखण्याचं मूळ. एक पाय पोटाशी घ्यायला लावा. रोज सकाळी, फरशीच्या मधोमध. हीच मात्रा."

"पण शास्त्रीबुवा, ती म्हणते की घसरतंय."

"म्हणणारच. या विकारात रुग्ण जमिनीला दोष देऊ लागतो. ही तक्रार वाढली तर मला लगेच कळवा."

ठुमकीने एक पाय पोटाशी घेतला आणि चोचीवर आपटली. शास्त्रीबुवा म्हणाले, गुण येतोय.

सगळ्यात प्रेमाने यायचे ते बोकोबा. रानबोके होते, पण बोलणं अगदी मधाळ. ते दारातच पंजे जुळवून बसायचे. एरंडेलाच्या वासाने त्यांना शिंका यायच्या, म्हणून आत येत नसत.

"पोरीला चालायला लावू नका हो," ते गहिवरून म्हणायचे. "जीव केवढासा तिचा! खाऊपिऊ घाला. जरा भरू दे अंगाने."

मुलांनो, बोकोबांच्या या मायेमागे काय होतं ते सांगतो. ओढ्यापलीकडच्या शेतात कणसं भरली की जंगलाच्या आसपासच्या कोंबड्यांचा सगळा थवा पिल्लांना घेऊन तिकडे मुक्कामाला जाई. ज्या पिल्लाला चालता येत नसे, ते मागे राही. मागे राहिलेल्या पिल्लाचं पुढे काय होई, हे बोकोबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कणसं भरत आली होती. कवडीबाई ओढ्यावर गेली की पलीकडे बघायची आणि किती दिवस उरले ते मोजायची.

एका दुपारी फरशीवर तेल वाळत होतं, म्हणून कवडीबाई ठुमकीला चोचीने ढकलत ढकलत मागच्या उकिरड्यावर घेऊन गेली. तिथे तो जुना भुसा पडला होता. ठुमकी त्यात रुतून बसली. थोड्या वेळाने तिने अंग झाडलं. मग ती उठली. पाय लटपटत होते, बाजूला फाकत होते, पण ती उभी होती. एक पाऊल टाकून ती एका किड्यामागे गेली.

कवडीबाईला रडू कोसळलं. तशीच ती धावत घरी आली.

"अहो, ऐकलंत का? ठुमकी उभी राहिली! उकिरड्यावर, भुशात!"

तुरेरावांनी फरशीतून मान वर केली. "उकिरड्यावर? कुणी पाहिलं का?"

"कुणी नाही. मी पाहिलं."

"मग ठीक आहे. कुठे बोलू नकोस."

"अहो, पण थोडा भुसा आत पसरू या ना. माझ्या मेलीच्या आधी कसं लक्षात आलं नाही! तिचे पाय चांगले आहेत. इथे तिला पकड मिळत नाही, एवढंच आहे."

"अगं, काय बोलतेस! सिंहमहाराज स्वतः समाचाराला येणार आहेत. त्यांना काय भुसा दाखवू? आणि तुरेरावांची मुलगी उकिरड्यावर चालते, हे लोकांना सांगू? त्यापेक्षा घरात बसलेली बरी. शास्त्रीबुवांची मात्रा चालू आहे ना?"

त्या दिवसापासून कवडीबाई पंखाखाली लपवून भुसा आणू लागली. दाराजवळच्या कोपऱ्यात तो पसरायची आणि ठुमकीला त्यावर उभी करायची. पाय फाकू नयेत म्हणून मक्याच्या कणसाच्या मऊ सालीने दोन्ही पाय सैलसर बांधायची, मधे एका पावलाचं अंतर सोडून. ठुमकी आपली इवलीशी पावलं टाकत कोपऱ्यातल्या कोपऱ्यात फिरायची. बाहेर पाहुण्याची चाहूल लागली की कवडीबाई साल सोडायची, भुसा उचलायची, आणि ठुमकी पुन्हा तेलकट दगडावर पोटावर पडायची. मग पाहुणे चुकचुकायचे.

होता होता पाय बरेच सरळ झाले. सालीची गरज उरली नाही. पण फरशीवर उभं राहणं काही जमेना.

सिंहमहाराज यायचा दिवस उजाडला. थवा दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. तुरेरावांनी फरशीला असं तेल पाजलं की माशीसुद्धा बसेना. बाहेर पडताना त्यांना कोपऱ्यातला भुसा दिसला. "तो काढ," ते ओरडले आणि महाराजांना आणायला वेशीपर्यंत गेले. कवडीबाईने भुशाकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. ती भुशावर दोन्ही पायांवर उभी होती आणि आईकडे बघून पंख फडफडवत होती.

त्या दिवशी कवडीबाईने भुसा उचलला नाही. सिंह येवो नाहीतर आणखी कुणी येवो. ती पाणी आणायला ओढ्यावर गेली.

घरात मोठं कुणी नाही, हे बोकोबांना वासावरून कळलं. उद्या थवा जाईपर्यंत कशाला थांबायचं, असा त्यांनी विचार केला. ते दारात आले. आज त्यांनी पंजे जुळवले नाहीत.

"ठुमके, बाळ, कशी आहेस?" असं म्हणून त्यांनी झेप घेतली.

ठुमकी भुशात पाय रोवून मागे सरली. बोकोबा नेम चुकून फरशीवर उतरले. त्यांचे चार पाय चार दिशांना गेले. ते पोटावर घसरत सगळं खुराडं ओलांडून पलीकडच्या भिंतीवर डोकं आपटून थांबले. उठायला गेले, पुन्हा पसरले. ठुमकीने भुशावरून उडी घेतली ती थेट दाराबाहेरच्या मातीत. मग ती पळाली. पडली, उठली आणि पुन्हा पळाली. कवडीबाई घागर टाकून धावत आली तेव्हा लेक उकिरड्याच्या टोकावर उभी राहून जिवाच्या आकांताने चिवचिवत होती.

तेवढ्यात सिंहमहाराज, तुरेराव, शास्त्रीबुवा, सशीणकाकू आणि सगळा लवाजमा येऊन पोचला. महाराजांनी दारातूनच फरशीवर पसरलेले बोकोबा पाहिले.

"वा!" महाराज म्हणाले. "काय फरशी आहे! शत्रूला उठू देत नाही."

"आपल्याच गुहेची नक्कल आहे, महाराज," तुरेराव लवून म्हणाले.

"आणि मुलगी चालू लागली, ती माझ्या मात्रेने," चिखलातून शास्त्रीबुवा म्हणाले.

"महाराज," कवडीबाई पुढे झाली, "ती भुशावर चालली. तो कोपऱ्यातला भुसा..."

"आईचं मन," सशीणकाकू हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या.

लगेच सभा भरली. फरशीला हार घातला. शास्त्रीबुवांना शाल दिली. त्या गर्दीत बोकोबा भिंतीला धरून धरून कधी बाहेर पडले, ते कुणी पाहिलं नाही. जंगलातल्या प्रत्येक घरट्यात, बिळात आणि ढोलीत अशीच फरशी बसवावी, असा महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. मग ते प्रेमाने म्हणाले, "त्या चिमुरडीला आणा. फरशीच्या मधोमध उभी करा. सगळ्यांना पाहू दे."

ठुमकी स्वतःच्या पायांनी चालत आली. उंबऱ्यापाशी थांबली. आतल्या फरशीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "घसरतं."

सभा खळखळून हसली. "अजून पूर्ण बरी झालेली नाही," शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी मात्रा वाढवून दिली.

ठुमकी वळली आणि उकिरड्याकडे चालू लागली. कवडीबाई तिच्या मागून गेली. सकाळी दोघी थव्याबरोबर ओढा ओलांडून शेतात गेल्या. तुरेराव आले नाहीत. फरशीला बोळा फिरवायला घरी कुणीतरी हवं होतं.

पुढल्या हंगामात त्या जंगलात चालता न येणारी पिल्लं फार झाली. सशांची झाली, हरणांची झाली, माकडांचीसुद्धा झाली. शास्त्रीबुवांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. बोकोबा मात्र आता तब्येतीने चांगले भरले आहेत. ते घसरू नये म्हणून पंजांना झाडाची चिकट राळ चोळून रोज कुणाच्या ना कुणाच्या समाचाराला जातात.

तात्पर्य : लेकरू घसरू लागलं तर त्याचे पाय तपासावेत, वैद्य बदलावेत, पाहुण्यांना चहा द्यावा. पायाखालची फरशी मात्र तपासू नये. तिच्यात आपला तुरा दिसत असतो.