शॉर्टली सदुपयोग समिती, इंदूर

ज्या समाजाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही, त्याला इंग्रजी शिकण्यावाचून गत्यंतर नसतं. आम्हां इंदूरच्या मराठी माणसांच्या हे फार लवकर ध्यानात आलं. संस्थानी दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहू लागलं. पण मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी उठताना काय म्हणावं, हा प्रश्न दोन्ही ऋतूंत सुटला नाही.

तोवर आमच्यात 'कळवतो' म्हणायची पद्धत होती. पोहे खायचे, शेव पुन्हा मागायची, मुलीला शिवणकाम विचारायचं आणि चपला शोधता शोधता म्हणायचं, 'कळवतो.' पण शब्द पडला मराठी. मुलीच्या आईला तो लगेच समजायचा, आणि आपण पायऱ्या उतरतोय तोच स्वयंपाकघरात भांडी आदळायची. सभ्य माणसांनी हे किती दिवस ऐकून घ्यायचं?

सबब कृष्णराव पोतनीस यांनी 'शॉर्टली' हा शब्द प्रचारात आणला. कृष्णराव दरबारच्या पत्रव्यवहार शाखेत होते. दरबार गेला तेव्हा शाखेतलं इंग्रजी त्यांनी घरी नेलं (खुर्च्या इतरांनी नेल्या). आपल्या लक्ष्मीकांतसाठी ते श्रीपादराव सबनिसांची कुमुदिनी बघायला गेले, पोहे दोनदा घेतले आणि दारात उभे राहून म्हणाले, "वुई शॅल इन्फॉर्म यू शॉर्टली." मुलीच्या आईने, शारदाबाईंनी, आनंदाने डोळे पुसले. एक भांडं आदळलं नाही. मी मध्यस्थ होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. क्या बात है!

बघता बघता शब्द गावभर झाला. राजवाड्यासमोरचे शिंपी कोट शॉर्टली शिवू लागले, घरमालक कौलं शॉर्टली बदलू लागले. मग व्हायचं तेच झालं, लोक तो कुठेही वापरायला लागले. म्हणून आम्ही समिती काढली. कृष्णराव अध्यक्ष, मी चिटणीस. दर रविवारी वर्ग भरे आणि सभासद वाक्यात उपयोग करून दाखवत.

'दूधवाला शॉर्टली येईल.' चूक. दूधवाला खरंच येतो. 'नळाला शॉर्टली पाणी येईल.' बरोबर. 'पाहुणे शॉर्टली निघतील.' छान. 'मेव्हणा आमची शिडी शॉर्टली परत आणेल' या वाक्याला तर सभासदांनी उभं राहून टाळ्या दिल्या. नियम सोपा होता: जे होणार आहे, त्याला हा शब्द लावायचा नाही. आणि बोलताना नजर चपलांकडे (चपला लांब असल्यास छत्री चालेल). समितीच्या पाहणीनुसार, ज्यांना शॉर्टली सांगण्यात आलं अशा शंभरांपैकी ब्याण्णव अजून तिथेच बसलेले आहेत, सात पाणी प्यायला उठले, आणि एकाचं लग्न झालं, पण भलतीकडेच.

त्या ब्याण्णवांत सबनिसांचं घर होतं. कुमुदिनीला देपालपूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा मिळाली होती. पोरगी अगदी हरखली होती. पण आई जाऊ देईना. "अगं, ते आज-उद्या कळवतील आणि तू तिकडे? शॉर्टली म्हणालेत ते, सबके सामने!" दर रविवारी शारदाबाई बैठकीवर धुतलेली चादर घालत आणि पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवत. त्या साली घातलेलं कैरीचं लोणचं मुरलं, संपलं, बाजारात पुन्हा कैऱ्या आल्या.

अखेर शाळेच्या मोठ्या बाई, अंबिकाबाई, स्वतः इंदूरला आल्या. "सोमवारी वर्गावर कुणीतरी उभं राहायला हवं. येतेस, की दुसरी बघू?"

मी तिथेच होतो. कुमुदिनीने माझ्याकडे वळून विचारलं, "रघुवीरकाका, शॉर्टली म्हणजे नक्की केव्हा हो?"

अहो, असं विचारतात का कधी! समितीच्या एकाही वर्गात हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी छत्रीकडे पाहिलं.

"शॉर्टली येईल हो ती," शारदाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"शॉर्टली नाही, आई. सोमवारी," कुमुदिनी म्हणाली. आणि सोमवारी गेलीसुद्धा! भाषेची इतकी हेळसांड मी उभ्या मध्यभारतात पाहिली नाही. मला राग आला. थोडा हेवाही वाटला, पण तो इतिवृत्तात घेतलेला नाही.

आता गंमत बघा. पुढे पोतनिसांनी आणखी बऱ्याच मुली पाहिल्या (शेव कुठेच तशी नव्हती), आणि लक्ष्मीकांत अडून बसला, करीन तर कुमुदिनीशीच. कृष्णराव नारळ घेऊन सबनिसांकडे धावले. शारदाबाईंना काय करू नि काय नको झालं. आम्ही सगळे मोटारीत बसून देपालपूरला गेलो.

कुमुदिनी खडूचे हात झटकत शाळेच्या पडवीत आली. सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला. कृष्णरावांनी नारळ पुढे केला. तिने त्यांच्या चपलांकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "शॉर्टली कळवते हं, काका." मग घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. शारदाबाईंना आदळायला तिथे भांडं नव्हतं.

हे वाक्य समितीने आजवरचं सर्वोत्कृष्ट ठरवलं आहे. ठरावावर अध्यक्षांची सही तेवढी व्हायची आहे. हल्ली दर रविवारी पोतनिसांकडे चादर बदलतात, आणि लक्ष्मीकांत दाढी करून खिडकीत बसतो. परवा कृष्णराव मला हळूच विचारत होते, "काय भिया, कळवेल ना रे ती?" अध्यक्षांनी! स्वतःच्याच शब्दाबद्दल!

वाचकहो, तुम्ही त्यांना हसलात, ठीक आहे. पण तुम्हीही कुणाला तरी सांगून ठेवलंय, आणि तो माणूस आत्ता कांदा चिरून वाट बघतोय. आला ना चेहरा डोळ्यांसमोर? 'हो, कळवायचंय खरं, बघू' असंही मनात आलं? शाब्बास. समिती तुम्हाला उत्तीर्ण घोषित करत आहे. प्रमाणपत्र शॉर्टली पाठवतो.