गावच्या पिशवीच्या अकरा ऑर्डरी

शुक्रवारी दुपारी गुरुदास गावड्याच्या दारात रिक्षा थांबली. तिच्यातून आधी यतीन उतरला आणि मग त्याने मांडीवर सांभाळून आणलेला कॉम्प्युटर उतरवला. गुरुदासच्या आईने, यमुनाबाईंनी, नव्या सुनेला आत घ्यावं तसा त्या कॉम्प्युटरवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "आता हाड भितुर. कोणाची दिष्ट लागाक नको."

यतीन म्हणजे यमुनाबाईंच्या सुनेचा, योगिनीचा, धाकटा भाऊ. कुडाळच्या एका क्लासात तो कॉम्प्युटर शिकवायचा. मालकाच्या हातापाया पडून त्याने सोमवार सकाळच्या बोलीवर एक कॉम्प्युटर बहिणीच्या घरी आणला होता. तेवढ्या अडीच दिवसांत योगिनीला इंटरनेटवर दुकान काढायचं होतं. कोकमाची सोलं, कुळथाची पिठी, सुके बांगडे, तिरफळं, मसाला. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या तोंडाला आणि डोळ्यांना एकदमच पाणी आणणारा सगळा माल. दुकानाचं नाव तिने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं, 'गावची पिशवी'.

एवढी घाई कशाला, असं कोणी विचारलं तर ती मसाल्याला गिऱ्हाईक फार आहे असं सांगायची. खरं कारण मस्कतला होतं. गुरुदास नऊ वर्षं तिथे होता. दोन वर्षांचा करार, महिनाभर सुट्टी, पुन्हा दोन वर्षं. लग्न झाल्यापासून नवरा-बायको एका छपराखाली राहिले ते दिवस योगिनीने एकदा बोटांवर मोजले होते. एकशे बासष्ट भरले. त्यापेक्षा जास्त दिवस तिने पोस्टमनचं तोंड पाहिलं होतं.

मागच्या शुक्रवारी गुरुदासचा फोन आला होता. "ह्या हप्त्यात मी वाळवंटात. थंय फोन नाय. सोमवारी परत इलंय की कंपनी नव्या कराराचो कागद देतली. सही करूची काय नाय, ता सोमवारी बोलूया."

'करू नकात' हे शब्द योगिनीच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. नको म्हणायचं, तर घरात चूल कशावर पेटणार हेही सांगायला हवं. म्हणून तिने नुसतं दुकानाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. मनात मात्र हिशेब पक्का झाला. सोमवारपर्यंत दहा ऑर्डरी. दहा आल्या की मान वर करून सांगायचं, करू नका सही.

"बाय, एक सांगान ठेवतंय," यतीन फोनची वायर कॉम्प्युटरला जोडता जोडता म्हणाला. "नेट लावलेला आसताना तुमचो फोन कोणाक लागाचो नाय."

"नाय तर नाय. माका फोन करणारो वाळवंटात आसा."

"आणि काम व्हया तर घरात माणसां नकोत. ह्या वाडयेत काय, एक इलो की पाठसून चार येतत."

त्यावर तोडगा म्हणून त्याने दारावर पाटी लावली: 'काम चालू आहे. सोमवारपर्यंत कोणी येऊ नये.' ओटीवर यमुनाबाईंना बसवलं. वाळत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकलायची काठी त्यांच्या हातात होतीच. यमुनाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या पाटीचा अर्थ वाडीत त्यांच्याइतका कोणालाच कळला नाही.

शनिवारी दुपारी दुकान उघडलं. यतीनने ओळखीच्या झाडून सगळ्यांना पत्ता कळवला. तासाभरात मुंबईहून निरोप येऊ लागले. चुलतदीर प्रितमने लिहिलं, 'वहिनी, भारी! आमच्या माडाचे नारळ कोण नेता, जरा बघ.' दुसऱ्याने जत्रेची तारीख विचारली. तिसऱ्याने बैल विकला का, म्हणून चौकशी केली. पावशेर मसालासुद्धा कोणी मागवला नाही.

योगिनीचं टाळकं सरकलं. "ही काय आमची ओटी आसा? इले, पाणी पिले, गजाली केल्यानी नि गेले! यतीन, आधी पिशवीत कायतरी घाला आणि मगे बोला. नायतर निरोप घेव नको."

यतीनने तसं करून टाकलं. वस्तू निवडल्याशिवाय निरोप जाईना आणि त्याच क्षणापासून निरोप बंद झाले. दुकानाच्या दर्शनी भागावर 'आतापर्यंत आलेल्या ऑर्डरी' असं लिहून पुढे भलंमोठं शून्य तेवढं उरलं.

"ह्या शून्य लपवूया?" यतीनने विचारलं.

"रवांदे. वाढतला ता."

ऑर्डर आली की गिऱ्हाईकाला आपोआप उत्तर जाईल, अशीही सोय त्याने केली. उत्तरात काय लिहायचं हे विचारायला तो उठला, तर योगिनी मिरच्या भाजत होती आणि स्वयंपाकघरात श्वास घेण्याची सोय नव्हती. मग तो ओटीवर गेला. यमुनाबाईंनी सांगितलं ते त्याने जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुपारी चारच्या सुमाराला शून्याचा एक झाला. ओमान देश, सोलं एक किलो.

"ओमान?" योगिनी तिखटाच्या हातानेच धावत आली. "मस्कत थंयच मा? कोण आसा? नाव काय?"

"आता नावां नि निरोप ऑर्डरीच्या येगळ्या फायलीत जमा होतत. ती उतरवूक लाईन लय वेळ खाता. उद्या सगळी एकदम बघूया."

योगिनी सोलांच्या डब्याकडे वळली. तिने तराजू घेतला, एक किलो सोलं तोलली आणि वर एक मूठ जास्तीची घातली. कोण असेल तो? पत्र्याच्या खोलीत बसून घरच्या सोलकढीची आठवण काढणारा. त्यालाही कोणी दिवस मोजणारी असेल. पिशवीचं तोंड शिवताना तिला भरून आलं. यतीनला तिने मिरच्यांचा ठसका लागला असं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बांगडे, कुळथाची पिठी आणि मसाला गेला. चारही ऑर्डरी ओमानच्या.

"आता नेट बंद करूया," यतीन म्हणाला. "ऑर्डर येवची ती येतलीच. सकाळी बघूया."

"दुकान उघडा आणि दार बंद? गिऱ्हाईक काय खिडकीतसून येतला?"

"अगो बाय, तसा नसता—"

"तुका कॉम्प्युटर कळता, दुकान कळणा नाय. रवांदे चालू."

त्याच संध्याकाळी शेजारचा बाबली पाटीकडे न बघता ओटी चढला होता. बाबलीचं किराणाचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. "काकी, योगिनीक जरा सांगूचा होता. तुमचो फोन—"

"बंद आसा. म्हायत आसा माका."

"तसा नाय, माझ्याकडे—"

"सोमवारी," यमुनाबाई म्हणाल्या आणि काठी उचलली. बाबली कावळा नव्हता, पण उतरला.

रविवारी सकाळी पाचवी ऑर्डर आली. तिरफळं, पाच किलो.

यमुनाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पाच किलो? टोपभर सारात पाच दाणे पडतत! ह्यो मेलो समुद्राचोच सार करतलो काय?"

घरात तिरफळं होती ओंजळभर. यतीन घरातली मोटारसायकल काढून कट्टा गावच्या बाजाराला गेला. सगळा बाजार पालथा घातल्यावर पाऊण किलो मिळाली. परतताना त्याने भेटेल त्याला सांगितलं, असतील नसतील ती तिरफळं गावड्यांकडे आणून द्या. दुपारपर्यंत कोणी वाटीत, कोणी पदरात अशी तिरफळं घेऊन निम्मी वाडी दारात उभी राहिली. यमुनाबाईंनी मग आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. तिरफळं असतील तर आत, नाहीतर सोमवारी.

बाबली पुन्हा आला. "काकी, पाच मिनटां."

"तिरफळां हाडलंस?"

"नाय, पण—"

"मगे सोमवारी."

आत ऑर्डरींचा आकडा चढत होता. सहा, सात, नऊ. चार वाजता अकरा झाल्या आणि भिंतीला टेकून शिवलेल्या पिशव्यांची ओळ लागली. योगिनीने दोन दिवसांत धड जेवण घेतलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तसं कोणी म्हटलं नसतं. अकरा परक्या माणसांसाठी तिने माल असा निवडला होता की एकाही बांगड्याचं शेपूट मोडलेलं नव्हतं. आपल्या माणसाला नऊ वर्षं जे वाढता आलं नाही, ते ती या अकरांना वाढत होती. "उद्या फोन येवंदे," ती यतीनला म्हणाली. "अकरा म्हणान सांगतलंय. दहा नाय, अकरा."

एवढ्यात बाबली थेट आत आला. त्याच्या हातात तिरफळांचा डबा होता.

"ही घे तुझी तिरफळां," तो धापा टाकत म्हणाला. "बायलेच्या फळयेवरसून चोरून हाडलंय, तेवा खंय तुझ्या सासयेन भितुर सोडल्यान. आता आयक. कालपासून गुरुदासाचे सात फोन इले माझ्याकडे."

"ता कसा? ते वाळवंटात आसत."

"कसलो वाळवंट! कालच परत इलो. कंपनीन आजच्या आज सही मागल्यान. तो इचारता, करू काय नको? तुमचो फोन काय लागणा नाय."

यतीनचं लक्ष पडद्याकडे होतं. नावांची फाईल नुकतीच उतरली होती आणि तो ती खालून वर आणि वरून खाली वाचत होता.

"बाय," तो चाचरत म्हणाला, "हंय अकरा नावां नाय. एकच आसा. अकरा फेरा."

इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहिलेले निरोप एकाखाली एक उभे होते. पहिला, 'योगिनी, फोन ठेव.' दुसरा, 'फोन ठेव गो. बोलूचा आसा.' तिसरा, 'हंय कायतरी घेतल्याशिवाय निरोपच जाणा नाय, म्हणान पिठी घेतलंय. फोन ठेव.' पाचवा, 'तिरफळां पाच किलो नको, बोट चुकला, आता आकडो बदलणा नाय.' आणि सहाव्यापासून अकराव्यापर्यंत एकच प्रश्न, 'कागद दिल्यानी. दोन वर्सां. सही करू काय नको?'

योगिनीने कॉम्प्युटरमधली वायर उपटून फोनला लावली. ती लागते न लागते तोच फोन वाजला.

"तुमी सही केलात?" तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"नाय," गुरुदासचा आवाज आला. "कशी करतलंय? सहा फेरा इचारलंय आणि सहाच्या सहा फेरा तू एकच सांगलंस."

"मी? मी काय सांगलंय?"

"माझ्या फुड्यात आसा. आयक. 'तुमचो निरोप पावलो. घर तुमचाच आसा. बेगीन येवा, आमी वाट बघतव.'"

योगिनीने यतीनकडे पाहिलं. यतीनने यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाई दाराशी आल्या होत्या. "गिऱ्हाईकाक आणखी काय लिवतत?" त्या पुटपुटल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"आणि तुझ्या दुकानावरचो आकडो बघलंय," गुरुदास उत्साहाने बोलतच होता. "काल एक होतो, आज अकरा! म्हटला, बायलेचो धंदो एवढो जोरात आसा, तर मी हंय कित्याक उन्हात मरतंय? मॅनेजराक सांगान इलंय, करार नको."

नुसतं गप्प राहिलं असतं तरी काम झालं असतं. तोंडावर आलेलं 'होय' योगिनीने गिळलं. नऊ वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. खोटं बोलायला माणूस जवळ असावा लागतो.

"ओ," ती म्हणाली, "त्यो अकराच्या अकरा ऑर्डरी तुमच्योच आसत."

"सगळ्यो?"

"सगळ्यो. दुसऱ्याची एक नाय."

समुद्रापलीकडच्या फोनचं एकेक मिनिट महाग असतं, पण दोघांपैकी कोणीही घाई केली नाही. बाबली डबा कुठे ठेवावा ते न समजून तसाच उभा होता.

मग गुरुदास अगदी हळू म्हणाला, "आफिस अजून तासभर उघडा आसा. कागद थंयच आसा टेबलार. तू सांग. जावन सही करू?"

योगिनीने भिंतीशी ओळीने उभ्या असलेल्या अकरा पिशव्यांकडे पाहिलं. विकायला म्हणून तिने त्या भरल्या नव्हत्या, हे तिला आत्ता कळलं.

"करू नकात," ती म्हणाली. एवढंसं वाक्य, पण ते बाहेर यायला नऊ वर्षं लागली. "तुमचो माल बांधून तयार आसा. पण तो पोस्टान येवचो नाय, सांगान ठेवतंय. हंय येवन घेवन जा—"

ती थांबली. तिने रिसीव्हर दोन्ही हातांत घट्ट धरला.

"जावचा काय ता नाय," ती म्हणाली. "नुसते येवा."